बाग आमची, वहिवाट त्यांची

बागेतल्या जीवजंतूंचं निरीक्षण करायचं म्हटलं की सगळ्यात आधी हातची जाते ती बाग. पूर्वी मी मनाला येईल तशी कात्री चालवायची. फांदी आडवी आली, छाट. पान पिवळं पडलं, तोड. गवत वाढलं, उपट. आता प्रत्येक पान उलटं करून खाली कोणी बिऱ्हाड थाटलंय का ते बघावं लागतं, आणि बहुतेक वेळा थाटलेलं असतंच.

सुरुवात झाली ती देशी झाडांच्या हट्टापासून. इथली झाडं असली की इथले किडे येतात आणि किड्यांच्या मागे पक्षी. बहुतेक अळ्यांचं खाणं ठरलेलं असतं, कुठलंही हिरवं पान पुढे केलं म्हणून त्या तोंड लावत नाहीत. म्हणून मी बागेची कुळं तपासायला घेतली आणि घरात वादळ उठलं. गुलमोहर निघाला मादागास्करचा. सदाफुली, जिला मी जन्मभर घरची समजत होते, तीही तिथलीच. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, आणि कुंपणातून घुसलेली घाणेरी तर अमेरिकेतून येऊन अख्ख्या देशभर माजलेली.

सासूबाई पायरीवर बसून हा पंचनामा ऐकत होत्या. "मग आता उरलं काय?"

"अबोली आहे ना. आणि रुई लावूया म्हणते."

"रुई लावायची असते होय? ती येते."

"हा पांढरा चाफाही मूळचा आपला नाही बरं का, आई."

"त्याला हात लावून बघ," असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की चाफ्याला तिथल्या तिथे नागरिकत्व मिळालं.

रुईच्या बाबतीत मात्र त्यांचंच खरं ठरलं. मी गवत उपटायचं सोडलं आणि ती आली. पाठोपाठ शेजारचे काका आले. "सूनबाई, कोपऱ्यात रान माजलंय. मारून देऊ का औषध? माझ्याकडे उरलंय." मी त्यांना थोपवलं आणि पानावरच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दाखवल्या. रुईच्या चिकातलं विष त्या बिनदिक्कत पोटात साठवतात, त्यांचं पुढे बिबळ्या कडवा नावाचं नारिंगी फुलपाखरू होतं आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही, हे सगळं मी एका दमात सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे औषध नको?"

यातली खरी मेख पुढे आहे. छोटा चांदवा नावाच्या दुसऱ्याच एका फुलपाखराची मादी या कडव्याची हुबेहूब नक्कल करते. स्वतः बिनविषारी, पण वेश असा की पक्ष्यांनी घाबरून लांब राहावं. फरक ओळखायचा तो मागच्या पंखावरून. कडव्याच्या पंखावर मध्ये तीन-चार काळे ठिपके, आणि हिच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच. आता उडतं फुलपाखरू मला ठिपके मोजू देईल का? ते बसतं, मी चष्मा पुसते, ते उडतं. म्हणून माझ्या वहीत "कडवा (बहुतेक)" अशा बऱ्याच नोंदी आहेत.

लिंबाच्या कुंडीची कहाणी जास्त करुण. कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी दिसली तेव्हा मी हरखले. अंड्यांतून निघाल्या त्या अळ्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, काळपट, ओल्या चकाकीच्या, मध्ये पांढरा डाग. पुढे एकदा कात टाकली की त्याच पोपटी हिरव्या होतात, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुहेरी शिंगं फटकन बाहेर काढून असा काही दर्प सोडतात की बोट लावणाऱ्याला आपली पायरी कळते. घरात एकानेही मला इतक्या थेट शब्दांत कधी गप्प केलेलं नाही. मात्र भूक अशी की बघता बघता कुंडीत फक्त काट्या उरल्या. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला, अळ्यांना तोही चालतो, म्हणून काकांच्या दारात गेले.

"एवढा कढीलिंब कोणासाठी?"

"अळ्यांसाठी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या डहाळ्यांकडे पाहिलं आणि त्यातली एक परत काढून घेतली.

प्रत्यक्ष निरीक्षण हा तर वेगळाच छळ. मी दुर्बीण, वही, फोन असा जामानिमा करून खुर्चीत बसते तेव्हा बागेत कर्फ्यू लागतो. पाणी प्यायला आत गेले की पायरीवरून वार्ता येते, "तुझी ती निळी येऊन गेली." निळी म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. मखमली काळी, मागच्या पंखांवर निळी झळाळी, तळहाताहून मोठी. मी धावत बाहेर येते तोवर ती कुंपणापलीकडे गेलेली. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, त्यात चाफ्याचं पान उत्तम आलंय. सासूबाईंकडे ना दुर्बीण ना वही, पण त्यांनी मुंगूस पाहिलंय, भारद्वाज पाहिलाय, आणि मुंगूस भारद्वाजाकडे बघताना पाहिलंय.

दरम्यान आमच्या हालचालींवर निर्बंध वाढत चाललेत. नळाशेजारच्या झुडपात शिंप्याने दोन पानं टाचून घरटं केलं. टाके घालायला कोळ्याचं जाळं आणि झाडाचे तंतू. काम बघावं तर नजर ठरत नाही. पण मूठभर पक्षी, आणि बादली घेऊन जरा जवळ गेलं की आरडाओरडा असा की काका खिडकीतून डोकावतात. तो नळ बंद. खिडकीच्या कडीवर कुंभारीण माशीने मातीचं इवलंसं मडकं घडवलं, काठासकट. त्यात ती अंडं घालते आणि पिल्लासाठी जिवंत पण बधिर केलेल्या बारीक अळ्या कोंबून तोंड लिंपून टाकते. त्या अळ्या माझ्याच बागेतून उचललेल्या, म्हणजे एका पाहुण्याने दुसऱ्याला पळवलं आणि न्यायनिवाडा करायला मी. खिडकीही बंद. पाचोळा झाडायचा नाही, खाली सापसुरळी असते. ओसरीतली जाळी काढायची नाहीत, शिंजीर घरटं बांधायला तीच नेतो. यावर घरातून बंड होईल असं वाटलं होतं, पण जाळ्यांकडे बघणाऱ्या पाहुण्यांना सासूबाई हल्ली परस्पर सांगतात, "पक्ष्यांसाठी ठेवलीत. तुम्हाला नाही कळायचं."

परवा तर त्यांनी आपणहून दुर्बीण मागितली. मला भरून आलं. डोळ्याला कशी लावायची, चाक कसं फिरवायचं, सगळं समजावलं. शिंजीर चाफ्यावर होता, मी श्वास रोखून उभी. बराच वेळ त्या एकाग्रतेने बघत राहिल्या.

"दिसला का, आई?"

"दिसला ना. काकांनी नवे पडदे लावलेत, आणि एक बाजू उलटी शिवलीय."