शेजाऱ्याला वीज दिली म्हणून आपला पंप बंद पडत नाही

'आपला शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि सरकार आपली वीज नेपाळ-बांगलादेशाला फुकट देतं. उद्या त्यांची ग्रिड (वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं) बसली की आपलीही बसेल.' हा मेसेज आमच्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. रात्री दोनचं खरं आहे, मीही जातो. म्हणूनच पुढचं खोटं खपून जातं.

'फुकट.' नाही. युनिटमागे दर ठरलेला असतो. 2024 मध्ये बांगलादेशाची बिलं थकली, तेव्हा झारखंडमधल्या गोड्डा प्रकल्पाने पुरवठा निम्म्यावर आणला. फुकटच्या मालाची थकबाकी कशी होईल?

'आपली वीज जाते.' येतेसुद्धा, आणि हेच मेसेजमध्ये नाही. बिहारमधलं मुझफ्फरपूर आणि नेपाळमधलं ढल्केबर जोडणारी लाइन 2016 मध्ये सुरू झाली. त्याआधी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाचे बारा-चौदा तास अंधार असायचा, तेव्हा आपण वीज दिली. पुढे नेपाळने नद्यांवर प्रकल्प उभे केले आणि नोव्हेंबर 2021 पासून तो आपल्या वीजबाजारात स्वतःची वीज विकतो. पावसाळ्यात नद्या भरल्या की वीज तिकडून इकडे, हिवाळ्यात पाणी आटलं की इकडून तिकडे. टॉवर तेच, तारा त्याच. भूतान तर चुखा प्रकल्पापासून, म्हणजे 1980 च्या दशकापासून आपल्याला वीज देतोय. एप्रिल 2016 ते फेब्रुवारी 2017 या काळात आपण नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमारला 579.8 कोटी युनिट दिले, भूतानकडून 558.5 कोटी घेतले. फरक 21.3 कोटींचा, आणि देशाची वर्षाची निर्मिती तेव्हाच एक लाख कोटी युनिटांच्या वर होती.

'त्यांची ग्रिड बसली की आपलीही.' 1 नोव्हेंबर 2014 ला बांगलादेशातली भेडामारा इथली भारताशी असलेली जोडणी ट्रिप झाली, म्हणजे अचानक तुटली, आणि तो देश अंधारात गेला. आपली ग्रिड उभी राहिली. भेडामाऱ्यात आपल्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून तिथेच पुन्हा एसी करतात, त्यामुळे एका बाजूचा झटका दुसरीकडे जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला असंच केंद्र आहे. दक्षिणेची ग्रिड वेगळी होती तेव्हा पश्चिमेशी ती तिथून जोडलेली होती. नेपाळ-भूतानशी मात्र आपण थेट जोडलेले आहोत, तिथे जपावं लागतं, हे मान्य. पण 30 आणि 31 जुलै 2012 ला अर्धा देश अंधारात गेला, त्याची सुरुवात बीना-ग्वाल्हेर लाइनवर झाली. दोन्ही टोकं मध्य प्रदेशातली.

मग आपल्याला रात्रीची पाळी का? सगळे पंप एकदम चालू झाले तर सबस्टेशनला आणि डीपीला, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला, तो भार पेलत नाही, म्हणून आळीपाळी. आमच्या शिवारात 63 केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे बावीस पंप आहेत. गेल्या हंगामात ती जळाली, बदलून यायला अकरा दिवस गेले आणि हरभऱ्याचं एक पाणी हुकलं. दुसऱ्या डीपीचा अर्ज अजून पडून आहे.