‘रिपर स्ट्रीट’ला समीक्षकांनी जरा घाईत निकालात काढलं

(पहिल्या भागाचं रहस्य खाली फुटलंय. बाकी मोठे धक्के राखलेत.)

‘सक्सेशन’मुळे मॅथ्यू मॅकफॅडियन सगळ्यांना माहीत झाला, पण त्याआधी पाच पर्वं त्याने पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल वस्तीच्या इन्स्पेक्टर एडमंड रीडचं काम केलं. बीबीसी वनवर ३० डिसेंबर २०१२ ला ‘रिपर स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली आणि दोनच तक्रारी गाजल्या: बायकांवरची हिंसा चवीने दाखवलीय, आणि माणसं पुस्तकी बोलतात. पहिली तक्रार पहिल्या भागापुरती शंभर टक्के खरी आहे. दुसरी मला मुळातच पटत नाही. आणि मालिकेत जे खरोखर चुकलं, त्यावर फारसं कुणी बोललंच नाही.

आधी पहिल्या भागाबद्दल. काळ १८८९. व्हाइटचॅपलमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या ‘जॅक द रिपर’चा शेवटचा बळी मानतात ती मेरी केली. तिच्या खुनाला म्हणजे ९ नोव्हेंबर १८८८ ला जेमतेम सहा महिने झालेत. एका बाईचं प्रेत सापडतं, अंगावर रिपरच्या खुणा. रीडच्या लक्षात येतं की खुणा नंतर मुद्दाम केल्यात. धागा जातो अश्लील फोटोंच्या धंद्याकडे, आणि तिथून नुकत्याच जन्मलेल्या हलत्या चित्रांच्या कॅमेऱ्याकडे: एक धनाढ्य माणूस बायकांचा गळा आवळतानाचं चित्रीकरण करवून घेतोय. कल्पना हुशार आहे. लुई ल प्रिन्सने लीड्समध्ये ऑक्टोबर १८८८ मध्ये कागदी फिल्मवर हलती दृश्यं टिपली होती, त्यामुळे काळाच्या हिशेबात ती बसते. गोची मांडणीत आहे. बघ्याच्या विकृतीवर बोट ठेवायचं तर आपला कॅमेरा त्या बघ्याच्या जागेवरून हलवावा लागतो. इथे तो तिथेच रेंगाळतो. समीक्षक चिडले ते रास्तच होतं.

पण टीव्ही समीक्षणाची पद्धतच अशी की पहिले एक-दोन भाग आधी पाठवले जातात, त्यावर लेख येतो, आणि पुढचे भाग बघून कुणी तो लेख दुरुस्त करायला बसत नाही. त्यात नावातच ‘रिपर’. प्रत्यक्षात रिपर या मालिकेत खुनी म्हणून येतच नाही. तो कोण होता याचं कोडं सोडवायची हौस निर्माता-लेखक रिचर्ड वॉर्लोला नाही. त्याला रस आहे तो, खुनी सापडला नाही त्यानंतर त्या वस्तीचं आणि तिथल्या पोलिसांचं काय झालं, यात.

दुसऱ्याच भागात विषय बदलतो: एका मुलावर खेळणीवाल्याच्या खुनाचा आरोप येतो, आणि जॉर्ज लस्कची दक्षता समिती रस्त्यावर न्याय करायला निघते. लस्क खरा माणूस, त्याची समितीही खरी. तिसऱ्या भागात साथ पसरते, सगळे कॉलरा म्हणतात, आणि मूळ निघतं पिठातल्या अरगटच्या बुरशीत. हा भाग मला पहिल्या पर्वातला सर्वांत पक्का वाटतो, कारण त्यात हद्दीचं भांडण नीट वापरलंय. सिटी ऑफ लंडन म्हणजे शहराचा जुना गाभा, तिथले पोलीस वेगळे आणि बाकी लंडनचे मेट्रोपॉलिटन वेगळे. खऱ्या रिपर प्रकरणातही हेच नडलं होतं. कॅथरीन एडोजचा खून मायटर स्क्वेअरमध्ये, म्हणजे सिटीच्या हद्दीत झाला. त्याच रात्रीचा एलिझाबेथ स्ट्राइडचा खून मात्र मेट्रोपॉलिटनकडे. एक रात्र, दोन प्रेतं, दोन पोलीस दलं.

व्हिक्टोरियन पोलिसकथा कितपत प्रामाणिक आहे हे तपासायची माझी एक सोपी कसोटी आहे: १९०१. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग त्या वर्षी सुरू झाला. (ती वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात कलकत्त्याच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा.) रक्तगटांचा शोध १९०१ चा. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे ठरवणारी चाचणीही १९०१ ची. म्हणजे १८८९ च्या कथेत यातल्या कशावरून गुन्हेगार पकडला, तर लेखकाने आळस केला असं खुशाल समजा. मग हातात उरतं काय? शवविच्छेदन, विषांची रासायनिक तपासणी, फोटो, खबरी आणि मारहाण. ‘रिपर स्ट्रीट’ने या पाच गोष्टी तीन माणसांत वाटल्या. रीड कागद आणि तर्क बघतो, कॅप्टन जॅक्सन हा अमेरिकन सर्जन प्रेतं आणि रसायनं बघतो, सार्जंट ड्रेक मुठी चालवतो. जेरोम फ्लिनचा ड्रेक त्या मुठींची किंमत चेहऱ्यावर वागवतो. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात त्याचा जुना कर्नल परत येतो, तेव्हा बघा.

आता पुस्तकी बोलण्याबद्दल. वॉर्लोची पात्रं आखीव, लांब, उलट्या क्रमाची वाक्यं बोलतात, आणि १८८९ चा पूर्व लंडनचा हमालही तसं बोलत नसणार. मान्य. पण ती शैली आहे, आणि शेवटपर्यंत एकाच सुरात सांभाळलेली आहे. आपल्या ऐतिहासिक नाटकांच्या भारदस्त संवादांवर वाढलेल्या प्रेक्षकाला तर ती खुपायचं काहीच कारण नाही. सबटायटल्स मात्र लावाच, नाहीतर फ्लिनची निम्मी वाक्यं हातून जातील.

मग खरंच काय चुकलं? एमिली रीड, इन्स्पेक्टरची बायको. पहिल्या पर्वात ती बेघर बायकांसाठी आश्रयगृह चालवते, नवऱ्याशी मुलीवरून तिचा मूक झगडा चाललेला असतो. दुसऱ्या पर्वात ती पडद्यावरच नाही. तिचं काय झालं हे आपण इतरांच्या तोंडून ऐकायचं. नंतर येते जेन कॉबडेन. खरी कॉबडेन जानेवारी १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आली, आणि बाईला तिथे बसायचा हक्क आहे का यावरून तिला कोर्टात खेचलं गेलं. केवढा ऐवज! मालिका तिला मुख्यतः रीडची मैत्रीण म्हणून वापरते. बायकांवर अन्याय झाला म्हणायचं तर तो मला पहिल्या भागातल्या दोरीपेक्षा इथे जास्त दिसतो. याउलट मायअ‍ॅना ब्युरिंगची लाँग सुझन कुंटणखान्यापासून सुरू होऊन तिसऱ्या पर्वात दवाखाना आणि भांडवल दोन्ही उभं करते. तिच्या चांगुलपणाचा पैसा कुठून आला, हाच त्या पर्वाचा पेच आहे.

मालिका बंद पडली तीही दर्जामुळे नव्हे. पहिलं पर्व रविवारी रात्री होतं. दुसरं ऑक्टोबर २०१३ पासून सोमवारी लावलं, आणि समोर आयटीव्हीवर ‘आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी’ आलं. प्रेक्षक घटले, डिसेंबरमध्ये बीबीसीने हात झटकले. गंमत म्हणजे समीक्षकांचा सूर तोवर बराच नरमला होता. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉनने पैसे घातले आणि तिसरं पर्व आधी त्यांच्याकडे, मग २०१५ मध्ये बीबीसीवर आलं. दोन्हीकडच्या प्रती सारख्या नाहीत. अ‍ॅमेझॉनची लांब, बीबीसीची कापलेली. एखादा धागा अचानक तुटल्यासारखा वाटला तर आधी भागाची लांबी बघा.

चौथं पर्व १८९७ च्या हीरक महोत्सवाच्या उन्हाळ्यात घडतं. लंडनमध्ये राणीची मिरवणूक निघाली तो २२ जूनचा दिवस. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मालिकेचा याच्याशी संबंध नाही, पण आपल्याला ती तारीख आठवल्याशिवाय राहत नाही.

बघायचं कसं, तर पहिल्या पर्वाचे दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग आधी बघा. जमलं तर मागे जाऊन पहिला बघा, नाही बघितलात तरी फार अडत नाही. दुसऱ्या पर्वात जोसेफ मॉलचा जेडेडाया शाइन हा भ्रष्ट इन्स्पेक्टर येतो, तिथून मात्र क्रम मोडू नका. तिसऱ्या पर्वाचा आठवा भाग हा रीतसर शेवट आहे, घाईतल्यांनी तिथे थांबायला हरकत नाही. पाचवं पर्व सहा भागांचं, ठिगळं लावलेलं, त्यात एकाच खुन्याचा पाठलाग गरजेपेक्षा लांबलाय. शेवटचा भाग तेवढा सुटा आणि चांगला आहे.