खुलासा : दोन राउटर लावले तरी इंटरनेट जाऊ शकतं

‘दोन राउटर घ्या, व्हीआरआरपी चालू करा, नेट कधीच जाणार नाही’ असा सल्ला फिरतोय. व्हीआरआरपी म्हणजे एक राउटर बंद पडला की दुसऱ्याने आपोआप त्याची जागा घ्यायची पद्धत. पण हा सल्ला अर्धाच खरा आहे.

व्हीआरआरपीत दोन्ही राउटर मिळून एकच आभासी गेटवे पत्ता (संगणक बाहेर जायला वापरतात तो) सांभाळतात. मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवतो. तो थांबला की मूळ सेटिंगवर सुमारे ३.६ सेकंदांत राखीव राउटर तो पत्ता घेतो. संगणकांवर काहीच बदलावं लागत नाही. इथपर्यंत सल्ला बरोबर.

पण हे संदेश फिरतात आतल्या नेटवर्कवर. रस्ता खणताना बाहेरची फायबर तुटली, तरी मुख्य राउटर संदेश देतच राहतो आणि सगळा ट्रॅफिक मेलेल्या लाइनकडे जातो. म्हणून ट्रॅकिंग (बाहेरच्या लाइनवर लक्ष ठेवणं) लावाच : लाइन पडताच मुख्य राउटरची प्रायॉरिटी (ज्याची जास्त, तो मुख्य) राखीवपेक्षा खाली आली पाहिजे. नुसता पोर्ट पाहून भागत नाही, कारण मोडेम सुरू असेल तर पोर्टही सुरूच दिसतो. प्रोव्हायडरच्या पलीकडचा एखादा पत्ता पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते पाहून, तपासा.

आणि दोन्ही राउटर एकाच स्विचवर, एकाच यूपीएसवर असतील, तर तो स्विच किंवा यूपीएस गेला की दोन्ही एकदमच जातात.