ब्रिटनचे परदेशी मदत खाते १९९७ साली जन्मले नाही

ब्रिटनच्या परदेशी मदतीचा विषय निघाला की काही दावे हमखास पुढे केले जातात. मदतीसाठी वेगळा मंत्री टोनी ब्लेअर यांनी १९९७ साली पहिल्यांदा नेमला. मजूर पक्ष हे खाते काढतो आणि हुजूर पक्ष ते मोडतो. खाते स्वतंत्र असले काय नि परराष्ट्र खात्यात असले काय, पैसा तोच, त्यामुळे २०२० साली ते परराष्ट्र खात्यात विलीन केल्याने काही बिघडले नाही. आणि भारताची मदत तर २०१५ सालीच थांबली. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

‘१९९७ साली पहिल्यांदा’

हे साफ चूक आहे. १९६१ साली हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने तांत्रिक सहकार्य खाते काढले आणि डेनिस व्हॉस्पर यांच्याकडे सोपवले. त्याचे काम मुख्यतः तज्ज्ञ पाठवण्याचे आणि प्रशिक्षणाचे होते. ऑक्टोबर १९६४मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी परदेशी विकास मंत्रालय स्थापन केले. पहिल्या मंत्री बार्बरा कॅसल थेट मंत्रिमंडळात बसत, आणि त्यांच्याच काळात, १९६५ साली, गरीब देशांना बिनव्याजी विकासकर्ज देण्याचे धोरण आले. १९९७ साली ब्लेअर यांच्या मदतमंत्री क्लेअर शॉर्ट यांना ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा वरचा दर्जा मिळाला, हे खरे. पण तोवर या पदाला तीन दशके उलटून गेली होती.

‘एक पक्ष काढतो, दुसरा मोडतो’

अर्धसत्य. १९७०मध्ये एडवर्ड हीथ यांनी आणि १९७९मध्ये मार्गारेट थॅचर यांनी, म्हणजे हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांनी, हे खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले. मधल्या काळात, १९७४मध्ये, मजूर पक्षाच्या विल्सन यांनी ते पुन्हा वेगळे केले होते. इथपर्यंत दावा जुळतो. पण १९६१चे खाते हुजूर सरकारचे होते. १९६७ साली या मंत्र्याला मंत्रिमंडळाबाहेर ठेवले ते खुद्द विल्सन यांनी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे लक्ष्य ब्रिटनने २०१३ साली गाठले, तेव्हा पंतप्रधान होते हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरॉन. उलट २०२४ साली सत्तेत आलेल्या मजूर पक्षाने स्वतंत्र खाते परत आणले नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये कीर स्टार्मर यांनी संरक्षण खर्चासाठी मदत २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा विकासमंत्री ॲनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला.

‘खाते कुठेही असो, पैसा तोच’

सर्वात घातक विधान हेच, कारण ऐकायला ते व्यवहारी वाटते. पैसा तोच असला तरी शेवटची सही कोणाची, यावर तो कुठे जातो हे ठरते.

मलेशियातील पेरगाऊ जलविद्युत प्रकल्प पाहा. मदत विभाग तेव्हा परराष्ट्र खात्याचा भाग होता. गॅसवर वीज करणे याहून स्वस्त पडेल, असे विभागाच्या अर्थतज्ज्ञांचे मत होते. ब्रिटनमध्ये खात्याचा सर्वोच्च अधिकारी खर्चाबद्दल संसदेला उत्तरदायी असतो. पैशाचे चीज होणार नाही असे वाटल्यास तो मंत्र्यांकडून लेखी आदेश मागतो. विभागाचे प्रमुख टिम लँकेस्टर यांनी १९९१मध्ये तेच केले. मदतीच्या मंत्री लिंडा चॉकर परराष्ट्रमंत्र्यांच्या हाताखाली होत्या. निर्णय परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांचा, आणि त्यांनी मंजुरीचा आदेश दिला. रक्कम २३ कोटी ४० लाख पौंड. या मदतीची शस्त्रविक्रीशी सांगड घातली गेल्याचेही पुढे उघड झाले. वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही संस्था न्यायालयात गेली आणि १९९४ साली उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली: परदेशी मदतीबाबतच्या १९८०च्या कायद्याला विकास अभिप्रेत होता, आणि हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या मुळातच सदोष होता.

त्याआधीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. ऐंशीच्या दशकात ब्रिटनने साडेसहा कोटी पौंडांच्या मदतीतून वेस्टलँड या ब्रिटिश कंपनीची २१ हेलिकॉप्टरे पवन हंस या भारताच्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीच्या गळ्यात घातली. भारत राजी नव्हता. पण ती घेतली नाहीत तर मदतीचा पैसाही मिळणार नव्हता. दोन अपघातांनंतर त्यांचे उड्डाण बंद झाले आणि ती १९९३मध्ये अवघ्या ९ लाख पौंडांना विकली गेली. अशा मदतीचा खरा लाभार्थी ब्रिटिश कारखाना असतो.

स्वतंत्र खात्याने हीच वाट बंद केली. ब्रिटिश मालच घेण्याची अट २००१मध्ये गेली, आणि २००२च्या कायद्याने गरिबी कमी करणे हा मदतीचा हेतू ठरवला. तो कायदा विलीनीकरणानंतरही लागू आहे, पण मंत्रिमंडळात फक्त मदतीसाठी भांडणारा पूर्ण दर्जाचा मंत्री उरला नाही. २०२२ साली एकूण १,२८० कोटी पौंड मदतीपैकी सुमारे ३७० कोटी पौंड ब्रिटनमध्येच निर्वासितांवर खर्च झाले. नियमांत ते बसते. निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्च मदत म्हणून दाखवता येतो. मात्र सगळा दोष विलीनीकरणाला देणेही बरोबर नाही. २०१९मध्येच सुमारे २७ टक्के मदत इतर खात्यांच्या व निधींच्या हाती गेली होती.

‘भारताची मदत २०१५ला थांबली’

थांबले ते भारत सरकारला मिळणारे पारंपरिक अनुदान. ही घोषणा तेव्हाच्या विकासमंत्री जस्टीन ग्रीनिंग यांनी नोव्हेंबर २०१२मध्ये केली होती. २०१६ ते २०२१ या काळात तरीही सुमारे २३० कोटी पौंड भारताच्या नावावर मांडले गेले. त्यातले सुमारे १०० कोटी म्हणजे सरकारी मालकीच्या, आता ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने खासगी उद्योगांत केलेली गुंतवणूक. ती परताव्याच्या अपेक्षेने केलेली असते. त्यामुळे ‘ब्रिटन भारताला इतके कोटी देते’ असा आकडा समोर आला, तर त्यात अनुदान किती, कर्ज किती, समभाग किती आणि जागतिक संस्थांमार्फत आलेला वाटा किती, हे आधी वेगळे करून पाहावे.