‘माया रक्तातच असते’ या मजकुराबद्दल खुलासा

‘माया बायकांच्या रक्तातच असते, म्हणूनच परिचारिका बायका असतात,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. जगभर परिचर्येत दर दहांमागे आठ-नऊ स्त्रिया आहेत, हे खरं. ‘म्हणूनच’ मात्र चुकीचं.

पुरुषांना कित्येक ठिकाणी दारातच अडवलं होतं. अमेरिकी लष्कराचं परिचारिका दल १९०१ पासून फक्त स्त्रियांचं. पुरुषाला तिथं अधिकारपद मिळालं थेट १९५५ साली. अमेरिकेच्याच मिसिसिपी राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठानं परिचर्येच्या अभ्यासक्रमाला पुरुषाला प्रवेश नाकारला, तो नकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. नियम माणसांचे, नाव निसर्गाचं!

शिवाय ‘माया’ म्हणून दिसतं ते बरंचसं कामच असतं. शिव्या देणाऱ्या रुग्णापुढे आवाज न चढवणं, एक मृत्यू पाहून पुढच्या खाटेकडे शांत चेहऱ्यानं जाणं. हे शिकावं लागतं, आणि ते थकवतं. स्वभाव म्हटलं की मोबदल्याचा विषयच संपतो.

त्याच मजकुरात ‘घरकाम म्हणजेच भावनिक श्रम’ असंही लिहिलंय. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली ही संज्ञा मांडली ती पगारी नोकरीत भावना आवरण्याबद्दल, भांड्याकुंड्यांबद्दल नव्हे.