मामा, हात वर करू नका

परवा रात्री मामांनी एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘ग्रामसभेत हात वर करू काय रे?’ मामांचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, शहराला टेकलेलं. मेसेज म्हणतो, भोवतालच्या ग्रामपंचायती महापालिकेत विलीन करा. सत्ता बेंगळूरहून आपल्या हातात येईल, डेन्मार्कनं हेच केलं. निधी वाढेल. आणि ग्रामसभेची कटकट संपेल. घरच्या तीन ग्रुपवर हा मेसेज फिरतोय, त्यामुळं आता गप्प बसवत नाही.

डेन्मार्कमध्ये २००७ साली २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या, हे खरं. पण त्याच वेळी वरचे जुने जिल्हे मोडून त्यांची बरीच कामं कायद्यानं नगरपालिकांना दिली. आपल्याकडं बेंगळूरचं कुठलं खातं खाली येणार? मेसेजमध्ये एकाचंही नाव नाही. महापालिकेचा आयुक्त राज्य सरकारच नेमतं, उद्याही तेच नेमणार.

गावं एकत्र आणून सत्ता खाली येऊ शकते, हे मात्र मला मान्य करावं लागेल. त्यासाठी डेन्मार्कला जायची गरज नाही. कर्नाटकाच्या १९८३ च्या कायद्यानं ८ ते १२ हजार वस्तीच्या मंडल पंचायती केल्या, १९८७ मध्ये निवडणुका झाल्या. तेव्हा अब्दुल नझीरसाब राज्याचे पंचायतराज मंत्री होते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता, खाती आणि माणसं त्याच्या हाताखाली होती. तिथं गावाला गाव जोडलं होतं. इथं गाव शहरात बुडवायचं म्हणतात.

आणि ‘ग्रामसभेची कटकट’? हे वाचून माझं डोकं फिरलं. मागच्या ग्रामसभेत देवळासमोर एक काकू रिकामी घागर घेऊनच उभ्या राहिल्या. ‘बोअरची मोटर जळून तीन आठवडे झाले, दुरुस्त कोण करणार सांगा.’ पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, सगळ्यांसमोर तारीख द्यावी लागली. काकू मराठीतच बोलल्या, कुणी अडवलं नाही. गाव महापालिकेत गेलं की ही ग्रामसभा कायद्यानंच उरत नाही. राज्यघटना ती फक्त गावाला देते. तीन लाखांवरच्या शहरासाठी प्रभाग समित्या आहेत, पण गावातल्या प्रत्येक मतदाराला सभासद म्हणून तिथं बसता येत नाही.

हिशेब मांडून बघा. पंचायतीत ४०० लोकांमागं एक सदस्य, म्हणजे ४,००० वस्तीच्या गावाला दहा. बेळगाव महापालिकेत वॉर्ड ५८, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार. एका वॉर्डात सरासरी ८,४०० माणसं. मामांच्या गावाला धड अर्धा नगरसेवकही येत नाही. काकूंनी घागर कुणासमोर ठेवायची? शिवाय पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, महापालिकेची होते.

निधीचं म्हणाल तर पंचायत गेली की तिचा वित्त आयोगाचा वाटा जातो, रोजगार हमी तर ग्रामीण भागापुरतीच. आणि शहरात जाऊन परत फिरलेली गावंही आहेत. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

चार गावांना मिळून एक इंजिनिअर परवडतो, एकट्या गावाला नाही, हे खरं आहे. मग शेजारच्या पंचायतींनी मिळून तो मागा. मामा, हात वर करायचाच तर त्यासाठी करा, आणि ठराव वहीत लिहून होईपर्यंत जागचे उठू नका.