दादर म्हणजे फक्त नवे कॅफे नव्हेत

लेखात दादरमधल्या खाण्यापिण्याच्या जागा म्हणून सगळे नवे कॅफेच दिलेत. ते चांगलेच असतील, पण दादरला पहिल्यांदा येणाऱ्याने सुरुवात प्रकाश उपाहारगृहापासून करावी असं मला मनापासून वाटतं. साबुदाणा वडा मागवा आणि आल्या आल्या मोडा. वरचं कवच कडक, आत वाफाळता मऊ साबुदाणा. त्यावर पियूष हवंच: घट्ट, बेताचं गोड, जायफळाचा वास घोट घेण्याआधीच येतो. दुपारी उपासाच्या दिवशी मात्र जागेसाठी थांबायची तयारी ठेवा.

आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनमध्ये पुरस्कार मिळाला, ते सर्वांना ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर तिथलं थालीपीठ आधी खा. घाईत असाल तर छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा बटाटावडा, उभ्या उभ्या. मासे खाणाऱ्यांची सोय सिंधुदुर्ग आणि गोमंतक या हॉटेलांमध्ये होते, सोलकढी सोडू नका.

आणि पाय दुखत नसतील तर माटुंग्यापर्यंत चालत जाच. स्टेशनाजवळ रामा नायकांचं उडुपी 1942 पासून केळीच्या पानावर जेवू घालतंय. रस्सम गरम असतानाच वाटीने प्यायचं, भातावर नंतर. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी रांग फार असते, त्यापेक्षा आठवड्यातल्या एखाद्या दिवशी लवकर जा. लेखकाने या जागांवर वेगळा लेख जरूर लिहावा, आमच्यासारखे वाचक वाट बघतील.